भिंतीच्या गल्लीची पाळी

प्रश्नताईला लोक प्रश्नताई म्हणायचे ते काही कौतुकाने नव्हे. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की बायका हातातली कामं उरकायला लागायच्या, कारण एकदा ती बसली की पाऊण तास उठायची नाही. घरात माणसं किती, झोप लागते का, शेजाऱ्यांवर भरवसा वाटतो का, गेल्या महिन्यात कधी असं वाटलं का की आपण असलो काय नि नसलो काय, कुणाला फरक पडत नाही. असले प्रश्न सख्ख्या नवऱ्यानेही कधी विचारलेले नसतात. बायका पहिल्या फेरीला हसायच्या, दुसऱ्या फेरीला रडायच्या आणि तिसऱ्या फेरीला हळूच विचारायच्या, "ताई, यातलं बरोबर उत्तर कुठलं?"

त्यावर तिचं वाक्य ठरलेलं होतं. "यात बरोबर-चूक असं काही नसतं. तुम्हाला वाटेल ते सांगा." हे वाक्य तिला विद्यापीठात प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि तेव्हापासून ते तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की भाजीवाल्याने कुठली भाजी देऊ विचारलं तरी ती तेच म्हणेल, अशी तिची चेष्टा व्हायची.

ती विद्यापीठाच्या समाजकार्य विभागात पाहणीचं काम करायची. नेमणूक अकरा महिन्यांची. बाराव्या महिन्यात कागदोपत्री ती कुणीच नसायची, मग पुन्हा अकरा महिने. बावीस वर्षांत ती बावीस वेळा नोकरीला लागली आणि बावीस वेळा सुटली. तिने पिशवीतून वाहून आणलेल्या कागदांवर सहा जणांना डॉक्टरेट मिळाली. तिला मिळाली गुडघेदुखी. याबद्दल तिची तक्रार नव्हती, हे सांगायला हवं. गल्लीतली, नळावर भांडून मोठी झालेली मुलगी विद्यापीठाच्या दगडी जिन्यावरून वर जाते आणि शिपाई तिला ओळखतो, एवढ्यावर ती खूश होती. अशा खुशीचा मला राग येतो, पण ती तिची होती.

सगळ्या प्रश्नांत तिचा आवडता होता शिडीचा. कागदावर दहा पायऱ्यांची शिडी काढलेली असायची. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुम्हाला हवं तसं आयुष्य, सगळ्यात खालची म्हणजे नको तसं. तुम्ही आज कुठे उभ्या आहात? आणि पाच वर्षांनी कुठे असाल? बायका बोट फिरवत फिरवत तिसरी नाहीतर चौथी दाखवायच्या, आणि पाच वर्षांनंतरची म्हटलं की बोट हवेतच राहायचं.

आता आक्काबद्दल. आक्का म्हणजे तिची थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा आक्का नुकती पहिलीत बसली होती आणि ही पाळण्यात. वडिलांनी आक्काला शाळेतून काढलं, कारण धाकटीला कुणीतरी सांभाळायला हवं होतं. पुढे धाकटी शाळेत जाण्याजोगी झाली तेव्हा आक्का तिला रोज फाटकापर्यंत सोडायची आणि परत फिरायची. तेव्हाच ती कपडे धुण्या-इस्त्रीच्या दुकानात लागली होती. घरात एकीला वाचता येतं ते दुसरीला येत नाही म्हणून, हा हिशेब दोघींना पक्का ठाऊक होता आणि दोघींनी तो कधी बोलून दाखवला नव्हता. धाकटीने लग्न केलं नाही. आक्काने केलं, नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. दोघी एकमेकींपासून दोन गल्ल्यांवर राहायच्या. धाकटी पाण्याच्या टाकीजवळच्या गल्लीत, आक्का कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीत.

आक्काने दुकानात पंचेचाळीस वर्षं इस्त्री केली. जुन्या मालकाची पद्धत साधी होती. कपड्याला दोरा बांधायचा: निळा म्हणजे कांजी, पिवळा म्हणजे कांजी नको, लाल म्हणजे इस्त्री कोमट. आक्का दोरा बघून काम करायची आणि तिच्या हातून कधी एक सदरा जळाला नाही. मग दुकान मुलाच्या हाती गेलं. त्याला दोरे गावंढळ वाटले. त्याने चिठ्ठ्या आणल्या, दुकानात पुढे बसणाऱ्या मुलीने भराभर हाताने लिहिलेल्या. आक्का दोन महिने शेजारणीला विचारून रेटत राहिली, पण मग मालकाच्या ध्यानात आलं. तो म्हणाला, वाचायला शिका, नाहीतर मागे धुण्याच्या हौदावर जा. त्या हौदावर दिवसभर घोटाभर पाण्यात उभं राहावं लागतं. आक्काला अठ्ठावन्नावं लागलं होतं.

त्याच वर्षी विद्यापीठाचा वर्ग आला. याला योगायोग म्हणावं की दैवाचा खोडसाळपणा, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

विभागात नव्या मॅडम आल्या होत्या. वयाने प्रश्नताईपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, हुशार, आणि लोकांच्या उंबऱ्याशी चपला काढणाऱ्या. त्यांनी एका मोठ्या संस्थेकडून पैसा मिळवून मोठ्या वयाच्या बायकांसाठी वाचन-लेखनाचा वर्ग उभा केला. वर्ग दोन वर्षांचा. पहिल्या वर्षी छापील अक्षर, दुसऱ्या वर्षी हाताचं. मात्र संस्थेची अट अशी की वर्गाचा उपयोग होतो हे आकड्यांनी दाखवायचं. म्हणून मॅडमनी दोन गल्ल्या घेतल्या. दोन्हीकडच्या चाळीस-चाळीस बायका, दोन्हीकडे वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तीच चाचणी, तेच प्रश्न, तीच शिडी, आणि मधे नुसत्या प्रश्नांची एक फेरी. वर्ग मात्र एकाच गल्लीत. दुसऱ्या गल्लीने वर्षभर थांबायचं. वर्षअखेरीला फरक दिसला, की दोन्ही गल्ल्यांना कायमचा वर्ग. मॅडमनी सगळ्यांसमोर चिठ्ठी उचलली. पहिली पाळी टाकीच्या गल्लीची निघाली. भिंतीच्या गल्लीची पाळी पुढच्या वर्षी.

आक्काने मालकाला सांगून टाकलं की माझं नाव वर्गात आहे, दोन वर्षांत चिठ्ठ्या वाचते की नाही बघा. नाव होतं ते नुसतं प्रश्न विचारण्याच्या यादीत. मालक म्हणाला, बरं, वर्ग चालू आहे तोवर राहा इस्त्रीच्या टेबलावर. आक्काने आयुष्यात मारलेली ही एकुलती एक थाप.

वर्ग टाकीमागच्या जुन्या पंपघरात भरायचा. चाळीस खुर्च्या, एक फळा, आणि निवृत्त झालेले एक गुरुजी, ज्यांना कोण कुठल्या गल्लीतली याचं सोयरसुतक नव्हतं. हजेरी प्रश्नताईकडे. हजेरीत नावं नसायची, नुसते क्रमांक: टाकी एक, टाकी दोन, टाकी चाळीस. सहीची जागा सोडली तर माणसाचं नाव कागदावर येऊ द्यायचं नाही, हा विद्यापीठाचा नियम होता, आणि तो चांगल्या हेतूने केला होता.

दुसऱ्या महिन्यात खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या. कुणाची पाळी बदलली, कुणाच्या सासूने कटकट केली, कुणाला कंटाळा आला. अठ्ठावीसवर आकडा आला, आणि तो तिसाच्या खालीच राहिला तर संस्था वर्ग गुंडाळणार होती. आणि याच दिवसांत एका संध्याकाळी प्रश्नताईला खिडकीत आक्का दिसली. कामावरून परस्पर आलेली, हाताला इस्त्रीचे जुने डाग, ओठ हलतायत. गुरुजी फळ्यावर लिहीत होते आणि ती बाहेरून पुटपुटत होती.

प्रश्नताईने दार उघडलं आणि म्हणाली, "ये, बस."

आक्का सत्रा नंबरच्या खुर्चीवर बसली. टाकी सत्राने येणं सोडलं होतं. प्रश्नताईने टाकी सत्राची हजेरी लावली. पुढच्या आठवड्यात आक्काबरोबर तिची शेजारीण आली, मग तिची जाऊ. दिवाभीतासारख्या एकेक करत भिंतीच्या गल्लीतल्या अकरा जणी मागच्या रांगेत आल्या. अकराही जणींना न येणाऱ्या अकरा जणींचे क्रमांक मिळाले. वर्ग भरलेला दिसू लागला, हजेरी तिसाच्या वर गेली, आणि प्रश्नताईला वाटलं की आपण एका दगडात दोन पक्षी मारले. जास्त बायका शिकल्या म्हणजे निकाल जास्त चांगला येणार, यात न कळण्यासारखं काय होतं?

न कळण्यासारखं बरंच होतं. बावीस वर्षं ती कागद भरून विद्यापीठात नेऊन देत होती. पुढे त्या कागदांचं काय करतात हे तिला कुणी कधी दाखवलं नव्हतं. आणि साऱ्या दुनियेला प्रश्न विचारत फिरणाऱ्या या बाईने तेवढा एक प्रश्न कधी विचारला नव्हता. दोन गल्ल्या मिसळू द्यायच्या नाहीत असं तिला बजावलं होतं, पण तिला तो रांगेचा नियम वाटला, नळावर असतो तसा. मागच्याला तहान लागली असेल तर पुढचा सरकून जागा देतो, एवढं माणुसकीला धरून आहे असं तिला वाटलं.

ते वर्ष दोघींच्या आयुष्यातलं बरं वर्ष होतं. आक्का रस्त्याने पाट्या वाचत घरी जायची. दुकानांची नावं, बंद दारांवरच्या सूचना, औषधाच्या डबीवरची तारीख, जे दिसेल ते. एकदा ती धाकटीच्या घरी आली आणि भिंतीवरचं कॅलेंडर वरपासून खालपर्यंत वाचून काढलं, सगळे वार, आणि मग खाली बसून हसत राहिली. मधल्या फेरीत शिडीवर तिने पाचवी पायरी दाखवली. पाच वर्षांनंतरची विचारली तर बिनदिक्कत आठवी. ही मुलाखत दुसऱ्या मुलीने घेतली होती, कारण नात्यातल्या माणसाला प्रश्न विचारायचे नाहीत असा नियम होता. प्रश्नताईने तो कागद नंतर चोरून पाहिला.

वर्षअखेरीला चाचणी झाली आणि मग विद्यापीठाच्या सभागृहात बैठक. संस्थेचे दोन पाहुणे पुढे बसले होते. प्रश्नताई मागे, चहाच्या टेबलाजवळ. मॅडमनी पडद्यावर तक्ता दाखवला तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

तक्ता असं सांगत होता की टाकीच्या गल्लीतल्या ज्या बायकांची हजेरी सगळ्यात भरगच्च होती, त्यातल्या अकरा जणींना चाचणीत एक अक्षरही वाचता आलं नाही. आणि भिंतीच्या गल्लीत, जिथे वर्ग नव्हताच, तिथे अकरा जणी छापील मजकूर वाचत होत्या. ज्या रोज आल्या त्या कोऱ्या राहिल्या आणि ज्या आल्याच नाहीत त्या शिकल्या. टाकीच्या उरलेल्यांतल्या बऱ्याच जणी अजून अक्षरं लावत होत्या, सलग वाचणाऱ्या बारा-तेराच, म्हणून दोन्ही गल्ल्यांची बेरीज जवळपास सारखीच आली. वर्गाचा परिणाम: काही नाही.

पाहुण्यांपैकी एकाने वही मिटली. तो म्हणाला की हे फार महत्त्वाचं आहे, म्हणजे बायका आपल्या आपण शिकतात, वर्गाची गरजच नाही. त्याला मनापासून आनंद झालेला दिसत होता. प्रश्नताईच्या हातात कपांचा ट्रे होता. तो तिने टेबलावर ठेवला. तिला आकडे समजत नव्हते असं नाही. अकरा आणि अकरा तिला लगेच समजले.

संध्याकाळी ती मॅडमच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. हे तिने केलं, एवढं तिच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे. गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं.

मॅडमनी हजेरीची वही उघडून एकेक पान उलटलं. मग म्हणाल्या, "ताई, जूनमध्ये सांगितलं असतंत तर मी आराखडा बदलला असता. त्या अकरा जणींना रीतसर घेतलं असतं."

"मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल."

"पहिल्यांदा नाहीच म्हणाले असते," मॅडम म्हणाल्या. "मग ऐकलं असतं."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर प्रश्नताईला सोपं गेलं असतं. त्यांनी संस्थेला खरं काय ते कळवलं. उत्तर तीन ओळींचं आलं. माहितीच भरवशाची नसल्याने काहीच निष्कर्ष काढता येत नाही, सबब मदत थांबवण्यात येत आहे. आधी वर्ग बंद होणार होता तो उपयोग नाही म्हणून. आता बंद झाला तो उपयोग आहे की नाही ते कळत नाही म्हणून. मॅडमना पुढची तीन वर्षं कुठलंही काम देऊ नये असं विभागाने ठरवलं. प्रश्नताईची तेविसावी नेमणूक निघाली नाही. करायला गेली एक आणि झालं भलतंच, असं लोक सहज म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातं.

पंपघराला कुलूप लागलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मालकाने आक्काला विचारलं की वर्ग संपला म्हणे, मग वाचा ही चिठ्ठी. चिठ्ठी हाताने लिहिलेली होती. आक्काला छापील येत होतं. हाताचं पुढच्या वर्षी शिकवणार होते. ती चिठ्ठी उजेडाकडे धरून उभी राहिली, आणि दुपारी तिला हौदावर पाठवलं.

शेवटची एक फेरी उरली होती. विद्यापीठाचा नियम असा की लोकांना मधेच सोडायचं नाही. पाहणी रद्द झाली तरी प्रत्येकीकडे जाऊन शेवटचे प्रश्न विचारायचे, सही घ्यायची, आणि मग तो कागद कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ मारून रद्द करायचा. आधी पूर्ण करायचा, मग रद्द करायचा. बाकी मुलींच्या नेमणुका संपल्या होत्या. प्रश्नताईचे अठरा दिवस शिल्लक होते, म्हणून दोन्ही गल्ल्या तिच्याकडेच आल्या. नात्याच्या नियमाचा विषय आता कुणी काढला नाही.

भिंतीच्या गल्लीत ती आक्काकडे सगळ्यात शेवटी गेली. दुपार होती, आक्काचा सुट्टीचा दिवस. आक्का पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी होऊन सोलली होती आणि तिथे ती मलम लावत होती. बहिणीच्या हातातला कागद बघून तिने डबी बाजूला ठेवली आणि हात पुढे केला. "बघू."

तिने कागद जवळ धरला आणि वरच्या जाड छापील अक्षरांवर बोट ठेवलं. "स... मा... रो... प. समारोप." वाचून झाल्यावर तिचा चेहरा क्षणभर उजळला. मग तिने विचारलं, "म्हणजे काय गं?"

"संपलं, आक्का."

"काय संपलं?"

"वर्ग. पाहणी. सगळंच."

आक्काने कागद मांडीवर ठेवला. "ते टाकीवाल्यांचं संपलं. आपली पाळी यायचीय ना यंदा? चिठ्ठी सगळ्यांसमोर उचलली होती."

दोन महिने प्रश्नताई हे टाळत होती. वर्ग बंद झाला एवढंच आक्काला ठाऊक होतं, का ते नव्हतं. भिंतीच्या गल्लीतल्या सगळ्या बायका पाळीची वाट बघत बसल्या होत्या, आणि गेल्या आठवडाभरात एकोणचाळीस दारांत तिने त्यांना ऐकवलं होतं की वरून काही कळलेलं नाही. आता तिने सांगितलं. खुर्ची सत्रा, अकरा जणी, हजेरी, तक्ता. सांगताना तिने आक्काकडे पाहिलं नाही, शिडीच्या चित्राकडे पाहिलं.

"म्हणजे मी बसले म्हणून," आक्का म्हणाली.

"मी बसवलं म्हणून."

बाहेर कारखान्याच्या भिंतीपलीकडे पाळी सुटल्याचा भोंगा झाला. मग प्रश्नताईने पेन्सिल उचलली, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना, आणि विचारलं, "आक्का, आज तू कुठल्या पायरीवर उभी आहेस?"

"बरोबर उत्तर कुठलं?"

ठरलेलं वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. यात चूक असं काही नसतं, हे ती हजारो बायकांना सांगत आली होती.

आक्का रागावली नव्हती. ती सावकाश बोलली. "मी तुला शाळेच्या फाटकाशी सोडायचे ना, तेव्हा मलाही आत यावंसं वाटायचं. रोज वाटायचं. पण मी परत फिरायचे. मला कळायचं की जागा एकीचीच आहे आणि ती तुझी आहे. मी आत घुसले असते तर तुलाही काढलं असतं. एवढं मला बारा-तेरा वर्षांची असताना कळत होतं गं. तू मला खिडकीतून हाकलायचं होतंस. मी वर्षभर थांबले असते. मला थांबायची सवय आहे."

प्रश्नताई रडली. आक्काने तिला रडू दिलं, पुढे होऊन पदर दिला नाही. लहानपणापासून हे पहिल्यांदाच घडत होतं.

मग आक्का म्हणाली, "पहिली लिही. आणि पुढचीही पहिलीच लिही. आण इकडे, सही कुठे करायची?"

पहिल्या फेरीच्या कागदावर त्या जागी आक्काचा अंगठा होता. या वेळी तिने पेन घेतलं, कागद पाटावर नीट सरळ केला, जीभ दातांत धरली आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. गुरुजींनी नाव तेवढं हाताने लिहायला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. बराच वेळ लागला. एकही अक्षर चुकलं नाही. लिहून झाल्यावर तिने ते एकदा वाचून पाहिलं, कागद परत दिला आणि मलमाची डबी पुन्हा हातात घेतली.

प्रश्नताई गल्लीच्या टोकाला भिंतीच्या सावलीत कट्ट्यावर बसली. पिशवीतून लाल पेन्सिल आणि पट्टी काढली. सही उजवीकडे खालच्या कोपऱ्यात होती. नावावरून रेघ जाऊ नये म्हणून तिने पट्टी जरा वर धरून पाहिली, मग जरा खाली. पण नियम कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा होता, आणि नियम मोडून काय होतं ते तिला आता माहीत होतं. तिने पट्टी सरळ ठेवली आणि रेघ मारली.